वस्तीच्या वणवा-प्रतिबंधासाठी अनुदान: कुठून, कसं, कोणाच्या नावावर?

टेकडीपलीकडे

नमस्कार मंडळी. विषय थोडा वेगळा आहे, पण अमेरिकेत पश्चिमेकडे राहणाऱ्या बऱ्याच जणांना लागू पडेल असं वाटतं.

आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियाच्या पूर्वेकडच्या टेकड्यांत राहतो. आमची गल्ली टेकडीच्या अंगावरून वर चढत जाते आणि तिथेच संपते. ४६ घरं, आणि आत यायला, बाहेर पडायला एकच रस्ता. मागे मोकळी टेकडी. फेब्रुवारीत तिच्यावर गुडघाभर हिरवं गवत असतं, मे संपेपर्यंत ते वाळून खडखडीत होतं आणि पुढे पहिला पाऊस पडेपर्यंत तसंच उभं राहतं. नवीन आलो तेव्हा या सोनेरी टेकड्यांचे फोटो काढून मी सांगलीला आईला पाठवायचे. आता ऑक्टोबरात कोरडा वारा सुटला की रात्री दोनदा उठून मागचं दार उघडते आणि धुराचा वास येतोय का ते बघते.

मार्चमध्ये विमा कंपनीचं पत्र आलं. घराच्या पॉलिसीचं नूतनीकरण होणार नाही, कारण वणव्याचा धोका. गल्लीतल्या आणखी अकरा घरांना तसंच पत्र आलंय. त्यावर बसलेल्या बैठकीत कोणीतरी म्हणालं की राज्य सरकार यासाठी ग्रँट देतं. मग आम्ही चौघांनी आठवडाभर जागून अर्ज तयार केला. नवऱ्याने नकाशा काढला, मी खर्चाचा तक्ता केला. पोर्टलवर भरायला घेतला आणि पहिल्याच पानावर अडलो: अर्जदार संस्थेचं नाव, करमुक्त नोंदणीचा क्रमांक. आमची संस्थाच नाही. एचओए, म्हणजे घरमालकांची संघटनासुद्धा नाही.

आमच्या खालच्या अंगाला एक आजी एकट्या राहतात. १९९१ साली ओकलंडच्या टेकड्यांतली ती मोठी आग लागली, २५ माणसं गेली, सुमारे तीन हजार घरं जळाली, त्यात त्यांचं घर गेलं. अजूनही त्यांच्या दाराशी एक बॅग भरून ठेवलेली असते. आणि त्यांच्याच बेडरूमच्या खिडकीखाली वीस फूट लांब जुनिपरचं दाट कुंपण आहे. बाहेरून हिरवं दिसतं. परवा मी हात घालून फांद्या बाजूला केल्या, तर आतमध्ये कोपरापर्यंत नुसत्या वाळक्या काड्या आणि सुया. अग्निशमन दलाचे लोक जुनिपरला हिरवं पेट्रोल का म्हणतात ते तेव्हा कळलं. ते मुळासकट काढायला एका माळ्याने सांगितलेला आकडा आजींच्या महिन्याच्या पेन्शनपेक्षा जास्त आहे.

कोणी असा पैसा मिळवलाय का? नोंदणी नसलेल्या शेजाऱ्यांनी कोणाच्या नावावर अर्ज करायचा? जे असेल ते सांगा.

---

केशरीमाळ

आम्हाला गेल्या वर्षी असंच पत्र आलं. शेवटी फेअर प्लॅन, म्हणजे दुसरीकडे विमा न मिळणाऱ्यांसाठीची पॉलिसी, घ्यावा लागला, वर दुसरी पूरक पॉलिसी. हप्ता दुपटीच्या वर गेला. ग्रँटचं काही माहीत नाही, पण हा धागा वाचत राहणार. आजींना नमस्कार सांगा.

---

पाणवठा

टेकडीपलीकडे, तो अर्ज फेकू नका. नकाशा आणि तक्ता हेच निम्मं काम असतं, बऱ्याच गल्ल्या तिथपर्यंतही पोचत नाहीत.

मी गेली सहा वर्षं इथल्या एका फायर सेफ कौन्सिलमध्ये, म्हणजे वणवा-प्रतिबंधाचं काम करणाऱ्या स्थानिक संस्थेत, स्वयंसेवक म्हणून अर्ज लिहायला मदत करते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कॅल फायर या राज्याच्या वन आणि अग्निशमन खात्याची वाइल्डफायर प्रिव्हेन्शन ग्रँट म्हणजे तुम्ही भरायला घेतलेलीच असणार. ती सरकारी संस्था, अग्निशमन जिल्हे, मूळ रहिवाशांच्या जमाती, ५०१(सी)(३) या करमुक्त नोंदणीच्या ना-नफा संस्था, फायर सेफ कौन्सिल यांनाच मिळते. चार शेजारी कितीही तळमळीचे असोत, त्यांच्याशी सरकारला करार करता येत नाही. म्हणून तुम्हाला हवाय तो फिस्कल स्पॉन्सर, म्हणजे आपल्या नावावर तुमचा पैसा घेणारी नोंदणीकृत संस्था. नोंदणी, हिशेब आणि ऑडिट त्यांचं, काम तुमच्या गल्लीतलं. अलामेडा आणि कॉन्ट्रा कोस्टा काउंटींत डायब्लो फायरसेफ कौन्सिल आहे, त्यांच्याकडे आधी जा. दुसरं दार रिसोर्स कन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्टचं, म्हणजे आरसीडीचं. १९३०च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनंतर शेतजमिनीची माती वाचवायला निघालेल्या या संस्था आहेत. आज झाडी कमी करण्याची बरीच कामं त्याच करतात, आणि सरकारी अर्ज त्यांच्या हातचा मळ असतो.

आता मला खरं जे सांगायचंय ते. स्पॉन्सरकडे रिकाम्या हाताने गेलात तर ते यादीत नाव लिहून घेतील आणि तुम्ही वाट बघत बसाल. त्यांच्याकडे तुमच्यासारख्या तीस गल्ल्या येतात. ते निवडतात ती गल्ली जिथे माणसं आधीच कामाला लागलेली दिसतात. ते दाखवायचं कसं? फायरवाइज यूएसए. एनएफपीए या आगीपासूनच्या सुरक्षेचं काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेचा कार्यक्रम आहे. कमीत कमी ८ घरं, जास्तीत जास्त २,५०० घरं. एक समिती करायची, अग्निशमन दलाच्या माणसाला बरोबर घेऊन गल्लीचं धोक्याचं मूल्यमापन लिहायचं, त्यावरून तीन वर्षांचा आराखडा करायचा, आणि दर वर्षी घरामागे किमान एक तासाच्या श्रमाएवढं काम झाल्याचं दाखवायचं. तुमची ४६ घरं, म्हणजे वर्षाला ४६ तास. मूल्यमापन पाच वर्षांनी नव्याने करावं लागतं. फायरवाइज स्वतः पैसे देत नाही. पण ती पाटी असली की स्पॉन्सर तुमचा फोन उचलतो. शिवाय कॅलिफोर्नियात २०२२च्या नियमानुसार विमा कंपन्यांना या कामाबद्दल हप्त्यात सूट द्यावी लागते.

म्हणून आजच एक वही घाला. कोण, कुठल्या दिवशी, किती तास, काय काम. या वहीचं मोल काय ते पुढे सांगते, आता कामावर जायचंय.

---

खिडकीतून

पाणवठा यांचं म्हणणं पटतंय, पण एक सांगू का? अर्ज, समिती, आराखडा यात दोन उन्हाळे जातील. घर पेटतं ते बहुतेक वेळा ज्वाळांनी नाही, वाऱ्यावर उडून आलेल्या ठिणग्यांनी. ठिणगी येते, पन्हळीतल्या वाळक्या पानांत पडते, पोटमाळ्याच्या झरोक्यातून आत शिरते. घराच्या भिंतीपासून पहिल्या पाच फुटांत जळण्याजोगं काही ठेवायचं नाही, याला इथे झोन झिरो म्हणतात, त्याचा कायदा २०२० सालीच झालाय. ती पाच फूट जागा मोकळी करायला सरकारचे पैसे कशाला हवेत?

मी दोन शनिवारांत केलं. लाकडाचा भुसा उचलून खडी टाकली, भिंतीला टेकलेली सरपणाची चळत हलवली, पन्हळी साफ केल्या. झरोक्यांच्या जुन्या जाळ्या काढून अष्टमांश इंचाची बारीक धातूची जाळी बसवली. सगळं सामान हार्डवेअरच्या दुकानातून, तीनशे डॉलरच्या आत.

---

पाणवठा

खिडकीतून, अगदी बरोबर. आणि ते दोन शनिवार वहीत लिहायला हवे होते! अजूनही लिहा. ते तास फायरवाइजमध्ये धरतात.

पण पाच फुटांच्या पलीकडे शंभर फुटांपर्यंतची जागा, रस्त्याच्या कडेची झाडी, आणि ज्यांच्याने फावडं उचलवत नाही त्यांची अंगणं, याला पैसा लागतोच. दाट वस्तीत शेजाऱ्याचं घर पेटलं तर तुमची बारीक जाळी किती वेळ टिकणार?

---

हिमशिखर

कोलोरॅडोतून. आम्ही बोल्डर काउंटीत राहतो. ३० डिसेंबर २०२१ला मार्शल फायर आली तेव्हा आम्ही मुलांना घेऊन नेसत्या कपड्यांनिशी निघालो. भर हिवाळा, दुसऱ्याच दिवशी बर्फ पडलं. जंगल नव्हतंच, माळावरचं वाळकं गवत आणि चक्रीवादळासारखा वारा. सुपीरियर आणि लुईव्हिल या दोन गावांत मिळून हजाराच्या वर घरं गेली. आमचं घर राहिलं. समोरच्या ओळीतली नऊ गेली.

परत आलो तेव्हा मी एक गोष्ट बघितली ती डोळ्यांपुढून जात नाही. लाकडी कुंपणाचा माग. गवताळ पट्ट्यापासून कुंपण काळं होत होत घराच्या कोपऱ्यापर्यंत आलेलं, आणि तो कोपरा कोसळलेला. वात लावल्यासारखं. तेव्हापासून आमच्या गल्लीत घराला टेकणारा कुंपणाचा शेवटचा भाग धातूचा करतात. एवढंच काम, पण घराघराने केलं.

पैशाचं म्हणाल तर आमच्याकडे काउंटीचा वाइल्डफायर पार्टनर्स हा कार्यक्रम आहे, माणूस घरी येऊन पाहणी करून काय काय करायचं ते लिहून देतो. आणि नोव्हेंबर २०२२मध्ये लोकांनी मतदान करून वणवा-प्रतिबंधासाठी विक्रीकर ०.१ टक्का वाढवून घेतला, दहा डॉलरच्या खरेदीमागे एक सेंट. ग्रँट एका वर्षी मिळते, दुसऱ्या वर्षी मिळत नाही. गवत मात्र दर वर्षी उगवतं. म्हणून हा कायमचा पैसा मला फार महत्त्वाचा वाटतो.

---

पाणवठा

हिमशिखर, वाचून अंगावर काटा आला. तुम्ही सगळे सुखरूप राहिलात हे फार मोठं.

कायमच्या पैशाचं उदाहरण आमच्याकडे मरिन काउंटीचं आहे. मार्च २०२०मध्ये तिथे मतदानाने मेझर सी हा कर मंजूर झाला, इमारतीच्या चौरस फुटामागे दहा सेंट. वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर जमतात आणि त्यातून घरोघरची पाहणी, झाडी काढणं, रहिवाशांना छोटं अनुदान असं सगळं चालतं.

आता वहीचं. केंद्र सरकारची कम्युनिटी वाइल्डफायर डिफेन्स ग्रँट आहे, २०२१च्या पायाभूत सुविधा कायद्यातून आलेली, पाच वर्षांसाठी १०० कोटी डॉलरची. आराखडा लिहायला अडीच लाख डॉलरपर्यंत, प्रत्यक्ष कामाला एक कोटी डॉलरपर्यंत. पण त्यात आपला वाटा घालावा लागतो, आराखड्याला १० टक्के आणि कामाला २५ टक्के. हा वाटा रोख असायलाच हवा असं नाही. स्वयंसेवकांच्या तासांना पैशांत मोल लावून तो भरता येतो, आणि त्या तासाचा अमेरिकेतला ठरलेला सरासरी दर तीस डॉलरच्या वर आहे. म्हणजे तुमच्या गल्लीने शंभर तास झाडी कापली की तीन हजार डॉलरहून अधिक वाटा जमा. मात्र सही-तारखेची नोंद हवी. 'आम्ही पुष्कळ काम केलं' याला शून्य किंमत.

ती ग्रँट शक्यतो काउंटीच मागते, गल्लीने मागायची नसते. तरी तुमचा तिच्याशी संबंध आहे. जे काम मागायचं ते दहा वर्षांच्या आतल्या कम्युनिटी वाइल्डफायर प्रोटेक्शन प्लॅनमध्ये, म्हणजे वस्तीच्या वणवा-संरक्षण आराखड्यात, लिहिलेलं असावं लागतं. तुमच्या काउंटीचा तो प्लॅन उघडा आणि आपल्या टेकडीचं नाव शोधा. नसेल तर पुढच्या सुधारणेच्या वेळी बैठकीला जाऊन ते घालून घ्या. लोक ग्रँटच्या जाहिरातीची वाट बघतात. पण पैसा कुठे जाणार ते बऱ्याच अंशी या प्लॅनमध्ये दोन वर्षं आधी ठरलेलं असतं, आणि त्या बैठकीला मी कधी दहा-बारा माणसांहून जास्त पाहिलेली नाहीत.

राज्याच्या ग्रँटचा बराच पैसा कंपन्यांना कार्बन सोडण्याचे परवाने विकणाऱ्या सरकारी लिलावातून येतो. शिवाय नोव्हेंबर २०२४मध्ये राज्याच्या मतदानात प्रपोझिशन ४ हा प्रस्ताव मंजूर झालाय, एकूण १,००० कोटी डॉलरचे रोखे, त्यातले १५० कोटी वणवे आणि जंगलांसाठी. तेव्हा पुढची काही वर्षं दार उघडं आहे.

एक धोक्याची सूचना. बहुतेक ग्रँटमध्ये आधी खर्च करायचा, बिलं लावायची, मग परतफेड. लहान संस्थेचा इथे जीव जातो. स्पॉन्सरच्या गाठीला तेवढी रोकड आहे का ते आधी विचारा. पर्यावरणाच्या कायद्याची मंजुरी आणि पक्ष्यांच्या विणीचा हंगामही वेळापत्रकात धरा. फेब्रुवारी ते ऑगस्टमध्ये झाडं तोडायची तर आधी घरट्यांची पाहणी करून घ्यावी लागते.

---

खिडकीतून

मला यात एक खटकतं, आणि ते बोलल्याशिवाय राहवत नाही. हे सगळं करायला वेळ कोणाकडे असतो? नकाशे काढणारे नवरे, तक्ते करणाऱ्या बायका, संध्याकाळी सहाला बैठकीला जाणारी माणसं. म्हणजे आपल्यासारखी. दोन पाळ्यांत काम करणाऱ्यांच्या वस्तीत कोण लिहिणार अर्ज? २०१८ला कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावच्या वणव्यात ८५ माणसं गेली, त्यांत म्हातारी माणसं किती होती ते आठवा. फिरत्या घरांत राहणारे, गाडी नसलेले, पाय नसलेले. जिथे धोका जास्त तिथे पैसा पोचायला हवा. पोचतो तो जिथे इंग्रजी चांगलं लिहिता येतं तिथे.

---

पाणवठा

यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. केंद्राच्या ग्रँटमध्ये कमी उत्पन्नाच्या वस्त्यांना प्राधान्य आहे आणि त्यांना तो २५ टक्क्यांचा वाटा माफ होऊ शकतो. पण अर्ज लिहायला कोणीतरी लागतंच, तुमचं खरं आहे.

टेकडीपलीकडे, तुम्हालाच विचारते. तुमच्या नकाशात तुमच्या गल्लीच्या खाली काय आहे?

---

टेकडीपलीकडे

मघापासून तेच डोक्यात चाललंय. आमच्या उताराच्या पायथ्याशी मोबाइल होम पार्क आहे, म्हणजे फिरत्या घरांची वस्ती. साठेक घरं असतील. बहुतेक निवृत्त माणसं आणि मेक्सिकन कुटुंबं. आम्ही आमच्या नकाशाची रेघ त्यांच्या वरच्या कुंपणापाशीच ओढली होती. मुद्दाम नाही. विचारच केला नाही. आग उताराने वर चढते, म्हणजे ती त्यांच्याकडून आमच्याकडे येणार, आणि आमची एकच वाट त्यांच्या फाटकासमोरून जाते. हे माहीत असून रेघ तिथे ओढली.

उद्या संध्याकाळी तिकडे जाऊन येते.

---

घाटवाट_सातारा

मी गावी असतो, सातारा जिल्ह्यात. हे सगळं वाचून वाटलं की डॉलरचे रुपये केले तर आमचीच गोष्ट. आमच्या डोंगराला दर मार्चमध्ये वणवा लागतो. कोणी म्हणतं पुढच्या वर्षी गवत जोमाने येतं म्हणून लावतात, कोणी विडी टाकून जातं. गेल्या पाच पावसाळ्यांत पोरांनी लावलेली रोपं एका दुपारी गेली. वडाची होती, करंजाची होती. त्यांना उन्हाळाभर हंड्याने पाणी घातलं होतं.

या वर्षी जाळरेषा काढायची आहे, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा. पैसे कुठे मागावेत?

---

वेताळटेकडी

घाटवाट, पुण्यातून उत्तर देतो, कारण आमचा गटही यातून गेलाय.

आधी सातबारा बघा. डोंगर वनखात्याचा असेल तर परवानगीशिवाय कोयता लावू नका, हेतू चांगला असला तरी. आरएफओंना, म्हणजे वनक्षेत्रपालांना अर्ज द्या. खातं स्वतःही जाळरेषा काढतं. आपल्याकडे आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, म्हणजे रेषा जानेवारीत, गवत पुरतं वाळायच्या बेतात असताना झाली पाहिजे. गावात संयुक्त वनव्यवस्थापन समिती असेल तर तीच तुमची फिस्कल स्पॉन्सर समजा. कागदावरच असेल तर ग्रामसभेत ती जिवंत करून घ्या. संत तुकाराम वनग्राम योजनेत चांगलं काम करणाऱ्या अशा समित्यांना बक्षीस मिळतं. आणि वणवा लावणं हा १९२७च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे, हे गावात चारचौघांत सांगा. पण दरडावून नको. गवताबद्दलचा समज जुना आहे, म्हाताऱ्या गुराख्यांशी बसून बोलावं लागतं.

बाहेरचा पैसा म्हणजे सीएसआर, कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा निधी. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, मोठ्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के द्यायचे, त्यात पर्यावरण बसतं. पण मागणाऱ्या संस्थेला १२ए, ८०जी या आयकर-सवलतीच्या नोंदण्या आणि १ एप्रिल २०२१पासून सीएसआर-१ची नोंदणी लागते. मित्रमंडळाच्या नावाने चेक निघत नाही. आम्हीही तिथेच अडलो होतो. शेवटी तालुक्यातल्या एका जुन्या नोंदणीकृत संस्थेने आम्हाला पदराखाली घेतलं. त्यांना आम्ही पहिल्या दिवशी काय दाखवलं असेल? तीन वर्षांची श्रमदानाची वही.

---

घाटवाट_सातारा

आभारी आहे. आमच्याकडे वही नाही, पण व्हॉट्सॲपवर प्रत्येक रविवारचे फोटो आहेत, तारखेसकट. बसून वही करतो.

---

केशरीमाळ

एक भाबडा प्रश्न. टेकडीपलीकडे, तुमच्या मागची ती मोकळी टेकडी आहे कोणाची?

---

टेकडीपलीकडे

(अडीच महिन्यांनी लिहिते आहे, माफ करा. बरंच काही झालंय.)

केशरीमाळ, तुमचा प्रश्न भाबडा नव्हता. काउंटीच्या असेसरच्या, म्हणजे मालमत्ता-कराच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या नकाशात बघितलं तर टेकडी शहराची निघाली. ज्या जमिनीचं गवत काढायला आम्ही ग्रँट मागत होतो, ते काढणं शहराचंच काम होतं! आणि शहर ते करतही होतं, शेळ्या सोडून. फक्त शेळ्यांचं कंत्राट आमच्या दोन कुंपणं आधीच संपत होतं, कारण कोणी पुढचा तुकडा मागितलाच नव्हता. ४१ सह्यांचं पत्र दिलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात शेळ्या आल्या.

आई तेव्हा इथेच होती. सकाळी चहाचा कप घेऊन मागे गेली आणि तिथेच उभी राहिली. तीनेकशे शेळ्या, विजेच्या तारेचं तात्पुरतं कुंपण, दोन मोठी पांढरी कुत्री आणि एक गुराखी. तो पेरूचा. इथे शेळ्यांमागे पेरूतून आलेले बरेच लोक असतात. आईला ना इंग्रजी येतं ना स्पॅनिश, पण तिचं माहेर धनगरवाड्याला लागून. एका शेळीच्या चालण्यावरून तिने ओळखलं की हिच्या खुरात काहीतरी आहे, आणि कुंपणापलीकडून हाताने दाखवलं. त्याने शेळी आडवी पाडली, खुरातून काटा काढला. दुसऱ्या दिवसापासून आई रोज त्याच्यासाठी भाकरी नेत होती. शेळ्यांनी चौथ्या दिवशी टेकडी अशी साफ केली की खालची माती दिसायला लागली. कोयोटी ब्रश नावाची इथली रानटी झुडपंसुद्धा कंबरेपर्यंत सोलून टाकली.

आता मुख्य गोष्ट. मी मोबाइल होम पार्कमध्ये गेले. पहिल्या दोन वेळा कोणी दार उघडलं नाही. तिसऱ्या वेळी माझ्याबरोबर आमच्या आजी आल्या. त्यांनी १९९१ची गोष्ट सांगितली, आणि तिथल्या एका शाळेतल्या मुलीने ती स्पॅनिशमध्ये सांगितली. त्यानंतर तिच्या आईने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. तिथल्या लोकांना वणव्याची भीती आमच्यापेक्षा जास्त आहे. कोणी विचारलं नव्हतं एवढंच. पार्कच्या मागच्या बाजूला वाळकी झाडी किती आहे, कोणाच्या घराखाली पानं साचतात, कोणाला ऑक्सिजनचं यंत्र लागतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. आमच्या मूल्यमापनातली सगळ्यात चांगली माहिती तिथून आली.

रेघ बदलली. आता आमची फायरवाइज हद्द दोन्ही मिळून १०७ घरांची आहे. समितीत सात जण, त्यातले तिघं पार्कमधले. अग्निशमन दलाचा कॅप्टन एक दिवस आमच्याबरोबर पायी फिरला आणि त्याने धोक्याची पहिली खडूची खूण आमच्याच पायऱ्यांखालच्या खोक्यांच्या ढिगावर केली.

आरसीडीने आम्हाला त्यांच्या पुढच्या अर्जात घेतलंय. राज्याची ग्रँट मिळाली तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडी, पार्कच्या मागचा पट्टा आणि ज्येष्ठांच्या अंगणातलं काम त्यात आहे. मिळेल की नाही ते पुढच्या वर्षी कळेल. चिपर, म्हणजे फांद्यांचा भुगा करणारं यंत्र मात्र कौन्सिलने दोन दिवसांसाठी आत्ताच दिलं.

आजींचं जुनिपर गेलं. ग्रँटची वाट बघितली नाही. शनिवारी चौदा जण आले, पार्कमधला एक जण झाडं तोडण्याचंच काम करतो, त्याने साखळी-करवत आणली आणि कुठून कापायचं ते तो सांगत गेला. आम्ही ओढून चिपरपर्यंत नेत होतो. तीन तास. शेवटी खिडकीखाली नुसती माती उरली आणि आजी आतून काचेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, या खिडकीतून रस्ता दिसतो हे मी विसरलेच होते.

---

हिमशिखर

ऑफिसात बसून वाचलं आणि डोळे भरून आले. आजींच्या खिडकीखाली आता खडी टाका, पुन्हा काही लावू देऊ नका.

---

खिडकीतून

माझं म्हणणं तुम्ही इतकं मनावर घ्याल असं वाटलं नव्हतं. खडीचा एक ट्रक माझ्याकडून. पत्ता खासगी निरोपात पाठवा, मी फ्रीमाँटला असतो. खाली उतरवायला येतो.

---

पाणवठा

फार फार छान. पार्क बरोबर असल्यामुळे अर्जाचं वजनही वाढलं, ते आरसीडीने सांगितलं असेलच.

चौदा माणसं, तीन तास, ४२ तास झाले. सह्या घेतल्यात ना? आणि खिडकीचा आधीचा फोटो आहे का?

---

टेकडीपलीकडे

घेतल्या. तारीख, नाव, घर क्रमांक, तास, काम. झाडं तोडणाऱ्या त्या दादांची करवत आणि तिचं पेट्रोल वेगळ्या रकान्यात लिहिलंय, आरसीडीच्या बाईंनी तसं सांगितलं होतं. आधीचा फोटो मार्चमधला आहे, नंतरचाही त्याच फरशीवर उभं राहून काढला.

घाटवाट, तुमच्यासाठी वहीच्या पानाचा फोटो टाकते. रकाने मराठीत करून घ्या. जानेवारीत जाळरेषा झाली की इथे कळवा.

---

घाटवाट_सातारा

फोटो मिळाला. काल गटातल्या पोरांना दाखवला. पाच वर्षांचे रविवार उतरवायला बसलोत, सध्या २०२२च्या जुलैपर्यंत आलोय. आरएफओंकडे अर्ज दिलाय, सोमवारी डोंगर बघायला येतो म्हणालेत.